सेठचा जावई सेंटर फॉरवर्ड

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला नसता तर माझा आणि हॉकीचा काही संबंध आला नसता. लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले तेव्हा हॉकी म्हणजे वाकड्या काठीचा पोरांचा खेळ, एवढंच मला ठाऊक होतं. मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले. स्वतः कधी खेळले नव्हते, पण जबलपुरात राहून हॉकी न बघणारा माणूस त्यांना अर्धवट वाटायचा. पाऊस सरला, मैदान वाळलं, की दुपार कलताना डोक्यावर टोपी, हातात काठी. मग दिवेलागणीपर्यंत ते घरचे नव्हते.

डोळ्यांपुढे धुकं दाटायला लागलं तसा आधी त्यांचा चेंडू गेला, मग माणसं गेली. शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. तरी मैदान सुटेना. आमचे हे त्यांना घेऊन जात. हे सिव्हिल लाइन्समध्ये कचेरीत कारकून. खेळात त्यांचं मन कधीच नव्हतं. मामंजींनी विचारलं, काय झालं, की हे सांगायचे, बॉल इकडून तिकडे गेला. आता काय झालं? आता तिकडून इकडे आला. एका रविवारी घरी आल्यावर मामंजी सासूबाईंना म्हणाले की पुढच्या खेपेला मी आपलं मांजर घेऊन जाईन. हेही वैतागलेलेच होते. म्हणाले, मग सुनेला न्या, ती दिवसभर बोलतच असते.

हे रागाच्या भरात बोलले होते. मामंजींनी ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तुरीची डाळ निवडत बसले होते. मामंजी समोर येऊन बसले, खिशातून मूठभर चिंचोके काढले आणि फरशीवर चाचपत चाचपत मांडले. हा गोली, गोल राखणारा. हे दोन बॅक. हे तीन हाफ, मधला सगळ्यात महत्त्वाचा. पुढे हे पाच फॉरवर्ड, कडेचे दोघं आउट, मधला सेंटर. "आता तू सांग," ते म्हणाले, "चेंडू लेफ्ट आउटकडे आहे, तर सेंटर फॉरवर्डनं कुठं असायला पाहिजे?" मी एक चिंचोका उचलून पुढे ठेवला. त्यांनी बोटांनी तो शोधला, आणि हसले. सासूबाई चुलीपाशी होत्या. मॅचला निघताना मला म्हणाल्या की शाल ने, मैदानावर वारं सुटतं.

एका ओळखीच्या टांगेवाल्याला मामंजींनी सांगून ठेवलं होतं. तो टांगा मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली उलटा लावायचा, म्हणजे मागची बैठक बरोबर मैदानाकडे व्हायची. आम्ही दोघं त्या बैठकीवर बसायचो. पलीकडच्या बाजूला रेल्वेतल्या गोऱ्या बायका खुर्च्या टाकून बसत. आमच्या बाजूला नुसते पुरुष, आणि त्यांत नऊवारीतली मी. पहिल्या दिवशी लोकांनी वळून वळून पाहिलं. पण शेजारी काठीवर हनुवटी टेकून बसलेला म्हातारा आणि त्याच्या कानाशी बोलणारी सून, हे कोडं सुटायला फार वेळ लागला नाही. पुढे पुढे मागचे लोक गप्प बसून माझंच ऐकायला लागले.

मला बोलायची सवय होती खरी, पण बघायची नव्हती. ती तिथं लागली. चेंडूमागे डोळे पळवले तर बाकीचं सुटतं, आणि बाकीचं बघत बसलं तर गोल होऊन जातो. मी दोन्हीकडे बघायला शिकले. शिकताना अंगात एक घायकुती शिरली ती कायमची. घरी पोळ्या लाटताना मनात फॉरवर्डची रांग पुढे सरकायची. मॅचच्या दिवशी सकाळपासून पाय जमिनीवर ठरायचे नाहीत. भाजीत दोनदा मीठ पडायचं. हे म्हणायचे, काहून अशी करून राहिली तू?

आमची टीम म्हणजे सेठची टीम. गावात पलटणीची टीम होती, रेल्वेची होती, पण ती सरकारी. सेठची टीम सेठच्या पैशावर चालायची. त्यांचे बिडीचे कारखाने होते. पोरांना ते कारखान्यात मुनीम म्हणून नोकरीला लावत. त्या मुनिमांतल्या निम्म्यांना तेंदूचं पान आणि पळसाचं पान यातला फरक सांगता आला नसता. त्यांचं काम एकच, खेळणं. स्टिका, बूट, परगावचं भाडं, सगळं सेठ देत. नागपूरच्या, भोपाळच्या टीमा यायच्या तेव्हा त्यांच्या जेवणाचीही सोय तेच करत. स्वतः धोतर, काळा कोट आणि छत्री अशा थाटात कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभे राहत. खुर्ची आणली तरी बसत नसत.

मामंजींची सेठवर श्रद्धा होती. आदल्या वर्षी टीम मोठ्या कपाच्या सेमीफायनलपर्यंत गेली होती. यंदा कप आपला, असं मामंजी सगळ्यांना सांगत सुटले होते. पण त्या उन्हाळ्यात सेठच्या मुलीचं लग्न झालं. जावई कानपूरकडचा, कॉलेजात हॉकी खेळलेला, लग्नानंतर सेठकडेच राहिलेला. पाऊस संपून मैदान खुलं झालं तेव्हा पहिल्याच मॅचला मी मामंजींना सांगितलं की आपला दाढीवाला सेंटर फॉरवर्ड दोरीबाहेर बसला आहे, आणि त्याच्या जागी एक नवा, गोरा, उंच मुलगा उभा आहे.

"जावई असेल," मामंजी म्हणाले.

जावई वाईट खेळत होता असं नाही. वाईट असता तर प्रश्नच मिटला असता. पळायचा देखणा. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा राहायचा. पण एकदा चिकटला की सुटायचाच नाही. एकाला चकवायचा, दुसऱ्याला चकवायचा, लोक वाहवा करायचे. तोवर समोरचे तीन जण गोलपुढे गोळा झालेले असायचे. दोन्ही कडांना आमचे आउट हात वर करून करून थकत. मी हे सगळं मामंजींना जसंच्या तसं सांगत होते. एकदा मी म्हणाले, लेफ्ट आउटनं आता हात वर करणं सोडलं आहे, तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. मामंजींना ते आवडलं नाही. त्यांना वाटायचं मी जावयावर राग धरून बघते.

ती मॅच आम्ही हरलो. पुढची बरोबरीत सुटली. टांग्यातून परतताना आमचं भांडण व्हायचं. मामंजींचं म्हणणं, टीम सेठची आहे. पोरांच्या घरात चूल पेटते ती सेठमुळे. त्यानं कुणाला कुठं उभं करावं हा त्याचा अधिकार, आणि त्याला खेळ कळतो. मी म्हणायचे, स्टिका सेठच्या, मान्य. पण आपण दोन वर्षं थंडीत कुडकुडत इथं येतो, कारखान्यातली माणसं अर्धा दिवस बुडवून येतात, दाढीवाला पायाचं हाड मोडेपर्यंत खेळला आहे, त्याचं काहीच नाही का? टीम एकट्या सेठची असेल तर त्यांनी आपल्या अंगणात खेळवावी. मामंजी म्हणायचे, तू माहेरी असं बोलायची का? मी म्हणायचे, माहेरी टीम नव्हती.

आजूबाजूचे लोक सगळं बघत होते. पण अर्ध्यांच्या घरचं कुणी ना कुणी सेठच्या कारखान्यात होतं. त्यामुळे लोक आवाज न करता नुसते माना हलवत. मोठ्यानं बोलणारी मी एकटी, आणि तीही कुणाला बोलायचं म्हणून नव्हे. मामंजींना ऐकू जावं म्हणून. त्यांना ऐकूही थोडं कमीच यायचं.

तिसऱ्या मॅचला हाफ टाइमनंतर जावयानं चेंडू घेतला. मी सांगत होते: गेला एकाच्या बाजूनं, गेला दुसऱ्याच्या, डावीकडे लेफ्ट आउट एकटा मोकळा, गोली त्याच्याकडे बघतही नाही, आता दिला की गोल. नाही दिला. गेला चेंडू. माझा संताप झाला. मी म्हणाले, "मामंजी, सेठला टीम चालवायची आहे की मुलीचा संसार? दोन्ही एका मैदानावर व्हायचं नाही."

मागचे लोक एकदम गप्प झाले. मी वळून पाहिलं. टांग्याच्या चाकाला टेकून सेठ उभे होते. त्या दिवशी ऊन होतं म्हणून ते झेंड्यापासून सावलीला आले होते. त्यांना मराठी चांगलं कळायचं; त्यांची निम्मी गिऱ्हाइकं नागपूर-वऱ्हाडाकडची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मैदानाकडेच पाहत राहिले, मग छत्री उघडून चालू लागले.

मामंजींना कुणीतरी सांगितलं. परतीच्या वाटेवर ते पुढे टांगेवाल्याशेजारी जाऊन बसले. घरी हे मात्र बोलले. कचेरीत दुसऱ्याच दिवशी ही गोष्ट पोचली होती, साहेबाच्या चपराश्यासकट सगळ्यांना माहीत होती. ह्यांचं म्हणणं एवढंच की आता मैदान बंद. चार दिवस मी घरात नुसती फिरत होते. विहिरीवर गेले की बादली तिथंच राहायची. मला सेठची भीती वाटत नव्हती. पुढच्या शनिवारी मॅच आहे आणि मला ती दिसणार नाही, याच्याच विचारानं जीव वरखाली होत होता.

शुक्रवारी सकाळी सेठ घरी आले. पायी आले, बरोबर कुणी नव्हतं. मामंजी ओसरीवर गडबडून उठले, त्यांची काठी पडली. सेठनी ती उचलून दिली. सासूबाईंनी चहा केला. मी दाराच्या आत उभी होते. थोडा वेळ थंडीच्या, पानांच्या भावाच्या गोष्टी झाल्या. मग सेठ म्हणाले की बहूजींना बोलवा. मी उंबऱ्याशी आले. मामंजी माझ्या वतीनं माफी मागायला लागले तसे सेठनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बहूजी, उस दिन आपने सही कहा," ते म्हणाले. "मुझे भी दिखता है. लेकिन उसे बाहर बिठाऊँ तो मेरी लड़की रोती है. आप मेरी जगह होतीं तो क्या करतीं?"

मी खाली मान घालून उभी होते. कुणी मला असं कधी विचारलं नव्हतं. पण उत्तर माझ्याकडे तयार होतं. रात्रंदिवस डोक्यात तेच तर चाललं होतं.

"बाहर मत बिठाइए," मी म्हणाले. "राइट आउटला टाका. तिथं कडेची रेघ आहे, पळायला जागा आहे, पण गोल समोर नाही. शेवटपर्यंत गेलं की चेंडू मधे द्यावाच लागतो. तिथं त्याचं पळणं कामाला येईल. अन् मधे दाढीवाल्याला आणा."

सेठनी कप खाली ठेवला. मग त्यांनी मामंजींना विचारलं की बहूजी खेळ कुठं शिकल्या. मामंजी म्हणाले, "मी शिकवला." त्या एका वाक्यात चार दिवसांचा राग निघून गेला. सेठ गेल्यावर ते ह्यांना म्हणाले की उद्या मला आणि सूनबाईला टांगा लागेल.

शनिवारी जावई राइट आउटला होता. सुरुवातीला तो रुसल्यासारखा उभा राहिला. पण चेंडू आला आणि समोर मोकळी रेघ दिसली तसा सुटला. असा पळाला की माझं बोलणं मागे पडलं. मी नुसतीच म्हणत राहिले, गेला, गेला, अजून जातोय. शेवटी रेघ संपली, आणि त्यानं चेंडू मधे लोटला. दाढीवाला तिथंच होता. मामंजींनी गोल माझ्या सांगण्याआधी लोकांच्या आवाजावरून ओळखला आणि काठीनं टांग्याची फळी बडवली. त्या महिन्यात आम्ही लागोपाठ जिंकलो. लोक म्हणाले, सेठला अक्कल आली. मी कुणाला काही सांगितलं नाही, मामंजींनी मात्र सगळ्यांना सांगितलं.

कपाच्या मॅचेस सुरू व्हायच्या आधी डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू पिकला आहे, आता काढता येईल. मामंजींना घाई झाली. फायनल आपल्या डोळ्यांनी बघायची, असा ध्यास घेतला. सरकारी दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना उताणं निजवून ठेवलं होतं. खोकायचं नाही, मान हलवायची नाही. मी डबा घेऊन जायची आणि त्यांना टीमच्या सरावाची खबर सांगायची. टांगेवाला मला सांगायचा. पट्टी सुटली, मग जाड भिंगांचा चष्मा आला. मामंजींनी घरी आल्यावर पहिल्यांदा सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू म्हातारी झालीस." सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही पाहिलं म्हणून काय मी थांबणार होते?" घरात बऱ्याच दिवसांनी सगळे हसले.

मीही हसले. मला पुढचं तेव्हा सुचलं नाही. सेमीफायनलच्या दिवशी मी लवकर स्वयंपाक आवरून पातळ बदलून तयार झाले, शाल घेतली आणि ओसरीवर आले. मामंजी टोपी घालून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि जरा अवघडले. मग म्हणाले, "आता मला दिसतं, सूनबाई." त्यात वाईट काही नव्हतं. खरंच होतं ते. आंधळ्या सासऱ्याबरोबर जाणारी सून लोकांनी सोसली होती. डोळस सासऱ्याबरोबर सून कशाला जाईल? हे म्हणाले, बरं झालं, तुझीही सुटका झाली.

ते गेले आणि मी गच्चीवर गेले. वाळत घातलेले कपडे काढायचे होते, ते मी काढून पुन्हा वाळत घातले. आमच्या गच्चीवरून मैदान दिसत नसे, पण वारं तिकडचं असलं की आवाज यायचा. मी कठड्याला टेकून ऐकत राहिले. एक लांब ओरडा आला. तो कुणाचा, कळेना. आपल्या गोलचा ओरडा उघडा असतो, हुकलेल्या चेंडूचा मधेच बसतो, हे मला माहीत होतं, पण इतक्या लांबून सगळे सारखेच वाटत होते. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. सासूबाई वर आल्या, मिरच्या गोळा करायला. त्यांनी विचारलं, काहून फेऱ्या मारून राहिली? मी म्हणाले, थंडी वाजते. त्यांनी मिरच्या गोळा केल्या आणि खाली गेल्या.

मामंजी अंधार पडताना आले. जिंकलो, म्हणाले. मी पाणी दिलं आणि विचारलं, गोल कुणी केला? दाढीवाल्यानं. चेंडू कुणी दिला? त्यांनी जरा थांबून सांगितलं, असाच मिळाला. उजवीकडून की डावीकडून? ते म्हणाले, गर्दी झाली होती तिथं. जावई राइट आउटलाच होता का? हो, बहुतेक. मी मामंजींना बहुतेक असं म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस दिसत नसताना मला दहादा विचारून सगळं पक्कं करून घ्यायचा. मी विचारणं सोडलं. मनात वाटलं, मला मुद्दाम सांगत नाहीत.

दोन दिवसांनी खरं कळलं. मामंजी जेवायला बसले होते, मी ताटापाशी पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी हात पुढे केला तो तांब्याच्या अलीकडे पडला. मग मान पूर्ण वळवली, तेव्हा तांब्या सापडला. मी तिथंच बसले. विचारलं, मामंजी, चष्म्यातून चेंडू दिसतो का?

आतल्या खोलीत हे होते, म्हणून मामंजी आवाज खाली आणून बोलले. "गवत दिसतं. माणसांची तोंडं दिसतात. चेंडू समोर असेतो दिसतो, बाजूला गेला की मरतो. मग एकदम भलतीकडेच उगवतो. मी मान फिरवेपर्यंत गोल होऊन जातो." मग म्हणाले की हे कुणाला सांगू नकोस. ह्यांनी ऑपरेशनसाठी एवढी धावपळ केली, रजा काढल्या. आता काय तोंडानं सांगू की खेळ पूर्वी जास्त दिसायचा.

मी कुणाला सांगणार नव्हते. पण सासूबाई चुलीपाशीच होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

"फायनलला तुम्ही दोघं जा. अन् मीही येते. दोन वर्षं झाली, हिच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले. तो जावई एकदा पाहू द्या मला."

ह्यांनी आतून विचारलं, आई, तू मैदानावर? सासूबाई म्हणाल्या, नर्मदेवर ग्वारीघाटाच्या मेळ्यात गर्दी नसते का? तिथं तर ओल्या लुगड्यानं फिरते मी.

फायनल भोपाळच्या टीमशी होती. टांग्याच्या मागच्या बैठकीवर मामंजी मधे, एका बाजूला मी, एका बाजूला सासूबाई. सासूबाईंनी मांडीवर शेंगदाण्यांची पुरचुंडी घेतली होती. दोन्ही टीमा उतरल्या. मी रांग बघत गेले: गोली, बॅक, हाफ. आणि थांबले. पुढच्या रांगेत मधे जावई उभा होता. दाढीवाला दोरीबाहेर, अंगावर घोंगडं घेऊन.

मी मामंजींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि हनुवटी काठीवर टेकली. "सांग," म्हणाले.

मी सांगत गेले. त्या दिवशी जावई चांगला खेळला, हेही मी सांगितलं. एक गोल त्यानंच केला, चौघांना चकवून. सगळं मैदान उभं राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे की." मग भोपाळवाल्यांनी त्याला ओळखलं. चेंडू त्याच्याकडे आला की दोघं त्याच्या अंगावर जायचे, बाकीचे आपापल्या जागी निवांत उभे राहायचे. तो चेंडू सोडणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. कडांवर आमची माणसं रिकामी. मी बसू शकत नव्हते. टांग्याच्या पायरीवर उभी राहून सांगत होते, घसा बसला होता. त्यांनी एक फेडला, मग अजून एक केला. वेळ संपत आली तेव्हा सासूबाईंनी शेंगदाणे खाणं थांबवून विचारलं, "तो त्या डावीकडच्याला काहून देत नाही?"

शिट्टी झाली. आम्ही हरलो.

लोक पांगले तरी आम्ही तिथंच होतो; टांगेवाल्यालाही जायची घाई नव्हती. सेठ आले. माझ्याशी नाही, मामंजींशी बोलले. म्हणाले की मुलगी आठ दिवस जेवली नव्हती नीट. जावई म्हणाला होता, फायनलला कडेला उभा राहणार नाही, कानपूरला निघून जाईन. "मैं क्या करता, बाबूजी," असं म्हणून ते उभे राहिले. मामंजींनी त्यांचा हात धरला. माझ्या मनात होतं की बोलावं. दाढीवाल्याचं बोलावं, कारखान्यातल्या माणसांचं बोलावं. पण त्यांच्या काळ्या कोटावर धूळ होती आणि छत्री हातात नुसतीच लटकत होती. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मुलगी सुखी आहे ना आता?" सेठनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी टीमचा सगळा कारभार सेठनी जावयाकडे दिला. त्यानं पहिल्यांदा दाढीवाल्याला काढलं, मग बाहेरून खेळाडू आणले, मग त्यांच्याशीही बिनसलं. हिवाळा सरायच्या आत टीम उरली नाही. मुनीम म्हणून लावलेली पोरं कुणी रेल्वेत गेली, कुणी तोफांच्या कारखान्यात. दाढीवाल्यानं मिलोनीगंजात सायकलींचं दुकान टाकलं असं ऐकलं. मामंजींना फार दिवस दुःख राहिलं नाही. ते म्हणाले, चल, रेल्वेच्या मॅचला जाऊ. मी गेले, सांगितलंही; पण रेल्वे हरली काय, जिंकली काय, मी पायरीवर उभी राहायची नाही. मामंजींना माझ्या आवाजावरून ते समजायचं. एकदा टांग्यातच म्हणाले, "तुला खेळ आवडत नव्हता, सूनबाई. तुला ती टीम आवडत होती." मी म्हणाले, दोन्ही एकच ना? ते नाही म्हणाले. त्यावरून आम्ही घर येईपर्यंत भांडलो.

मग जर्मनीशी लढाई सुरू झाली. छावणी भरून गेली, मैदानावर लष्कराच्या लॉऱ्या उभ्या राहायला लागल्या, कडुनिंबाखाली पेट्रोलचे पिंप आले. त्या हिवाळ्यात मॅचेस झाल्याच नाहीत. मामंजी ओसरीवर उन्हात बसून बारीक अक्षर लागत नसे म्हणून कुणाकडून तरी पेपर वाचून घ्यायचे. दुपार कलली की माझ्या पायांना आपोआप कळायचं. भरलेली बादली मी पुन्हा भरायला निघायची, झाडलेलं अंगण झाडायची, दारापर्यंत जाऊन परत यायची. सासूबाई एकदा निवडणं बाजूला सारून म्हणाल्या, "बस गं जरा." मी बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले.